बारा नंबरचा फोटो

अकरा ते तीन या वेळात नाना फोटो काढत नसत. मंत्री आला तरी नाही. "या वेळेला सूर्य मूर्ख असतो," असं म्हणायचे आणि पिशवीतला टॉवेल काढून जवळच्या बाभळीखाली आडवे व्हायचे. आता आमच्याकडे पाहुणे यायचे ते नेमके अकरा ते तीनमध्येच. नगरहून नाष्टा करून निघालेली जीप पारनेरच्या पठारावर पोचायची साडेअकराला. पाहुणे बांधावर उभे, संस्थेचा बोर्ड धरून दोघं जण उभे, आणि फोटोग्राफर तोंडावर टॉवेल घेऊन घोरतोय. त्यांना उठवायला मला पाठवत. मी हाका मारायचो. ते टॉवेल न काढता म्हणायचे, "सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतील. चालेल का, विचारून ये."

मी विचारायला जात नसे. तिथंच दगडावर बसून राहायचो आणि दोन्हीकडची बोलणी खायचो.

मला या माणसाचा कंटाळा यायचा, हे आधीच सांगून टाकतो. आता लोक त्यांची आठवण काढतात तेव्हा सगळ्यांना त्यांचं फार कौतुक होतं असं वाटतं. मला नव्हतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो, शेतकी पदवी घेऊन पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागलो होतो, आणि माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे नानांच्या मागे तिकाटणं घेऊन डोंगर चढणं. कॅमेऱ्याच्या स्टँडला ते तिकाटणंच म्हणायचे. कॅमेऱ्याला 'यंत्र'.

नाना आधी भूगोलाचे शिक्षक होते. शाळा का सोडली, याची त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी, की स्नेहसंमेलनात त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो काढला तो नेमका जांभईच्या क्षणी, आणि सगळ्या फोटोंत तोच एक चांगला आला म्हणून तोच नोटीस बोर्डावर लावला. खरं खोटं कोण जाणे. पंचावन्नच्या पुढचा, उंच, किडकिडीत माणूस. खाकी पँट, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खारीच्या केसांचा ब्रश. भिंगावरची धूळ झाडायला तो लागायचा. कॅमेरा मात्र धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत. चामड्याची केस ऑफिसच्या कपाटात पडून असायची. "केस लोकांना दाखवायला, पिशवी धुळीला," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं काम म्हणजे आमच्या डोंगरांचे फोटो. बांध घालायच्या आधीचा डोंगर, मग एक वर्षानंतरचा, मग तीन वर्षांनंतरचा. नानांचा हट्ट असा, की फोटो दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच आठवड्यात, त्याच वेळेला निघाला पाहिजे. त्यासाठी जिथं उभं राहून पहिला फोटो काढला तिथं ते एक दगड रोवायचे आणि त्याला चुना फासायचे. असे चुन्याचे बत्तीस दगड चार तालुक्यांत पसरले होते. एकदा एका मेंढपाळानं त्यातला एक उचलून चुलीला लावला. तर नाना उन्हात अर्धा दिवस जुना फोटो हातात धरून मागं-पुढं, डावीकडं-उजवीकडं सरकत होते, आणि ज्या झुडपाकडे बघून ते सरकत होते त्याच्याजवळ मी छत्री धरून उभा. शेवटी जागा सापडली. ती जुन्या जागेपासून वीतभर चुकली असावी, ही शंका त्यांना पुढं दोन महिने होती.

दुसरा हट्ट माणसांचा. डोंगराचे फोटो काढता काढता ते माणसांचेही काढायचे. शेळ्या राखणारी, पाणी भरणारी, बांधावर दगड रचणारी. एका माणसाचा एकच फोटो. "हसा" कधीच म्हणायचे नाहीत. "श्वास सोडा," म्हणायचे, आणि माणसानं श्वास सोडला की खटका दाबायचे. मग वहीत लिहायचे: नंबर, गाव, वेळ, माणसाचं नाव. आणि ज्याचा फोटो काढला त्याला तो द्यायचाच, तोही त्याच्या हातात. पोस्टानं नाही, सरपंचाकडे ठेवून नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांमध्ये फोटो, वरून रबर, आणि रविवारी माळीवाड्याच्या स्टँडवरून एसटी. सुटीच्या दिवशी, आपल्या हौसेनं.

एकदा एका शेळ्या राखणाऱ्या मुलीचा फोटो त्यांनी काढला होता. फोटो धुऊन येईपर्यंत तिचं लग्न होऊन ती शेवगावकडे सासरी गेलेली. नाना तीन एसट्या बदलून तिथं पोचले. परका माणूस, खिशात ब्रश, आणि म्हणतो तुमच्या नव्या सुनेला भेटायचंय. सासऱ्यानं त्यांना अंगणातच उभं केलं. सगळी आळी गोळा झाली. नानांनी रबर काढलं, फोटो सासूच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तुमच्या सुनेचा, लग्नाआधीचा. शेळ्या तीन तिच्या, चौथी शेजाऱ्यांची." सासूनं बराच वेळ फोटो बघितला आणि आत हाक मारून म्हणाली, "अगं, तुझ्या शेळ्या आल्यात बघ."

ही गोष्ट ते ऑफिसात शंभर वेळा सांगायचे. मी शंभर वेळा ऐकली. शेवटच्या वेळी ते सांगत होते तेव्हा मी उठून बाहेर गेलो होतो.

नव्वदचं दशक संपत आलं तशी आमच्या ऑफिसात ई-मेल आली आणि परदेशातले देणगीदार फोटो ई-मेलने मागायला लागले. रोल संपवायचा, धुवायचा, फोटो काढायचे, ते पुण्याला नेऊन कॉम्प्युटरवर चढवायचे, यात महिना जायचा. आमच्या संचालक मॅडमनी डिजिटल कॅमेरा मंजूर करून घेतला, आणि तो आणायला नानांना आणि मला पुण्याला पाठवलं.

ती खरेदी मी विसरणार नाही. लष्कर भागातलं मोठं दुकान, एसी, गुळगुळीत काउंटर, आणि टाय लावलेला विक्रेता. तो झूमबद्दल सांगायला लागला. नाना म्हणाले, "झूम राहू दे. यात धूळ गेली तर उघडायचं कसं?"

"सर, धूळ कशाला जाईल?"

"तुम्ही मे महिन्यात पारनेरला आला आहात का कधी?"

मग त्यांनी कॅमेरा उचलला आणि सरळ दाराबाहेर, भर दुपारच्या उन्हात फुटपाथवर नेला. विक्रेता धावत मागं. नानांनी मागचा पडदा उन्हात बघितला आणि म्हणाले, "यात माझंच तोंड दिसतंय." परत आत. मग कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांनी दुकानाच्या मधोमध दहा उठाबशा काढल्या. चढण चढताना छातीवर आपटतो का, हे बघायला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी काचेच्या कपाटातल्या दुर्बिणींचं निरीक्षण करत उभा राहिलो.

शेवटी दोन कॅमेरे उरले. एक छोटा, देखणा, फोटो एका चिमुकल्या कार्डावर घेणारा. दुसरा विटेएवढा, त्यात चक्क कॉम्प्युटरची फ्लॉपी घालायची आणि फोटो त्या फ्लॉपीवर. विक्रेता छोट्याच्या बाजूनं होता, मी पण होतो. नानांनी विचारलं, "हे कार्ड बिघडलं तर नगरला दुसरं मिळेल?"

"नगरला नाही मिळणार, सर. मुंबईहून मागवावं लागेल."

"आणि फ्लॉपी?"

"फ्लॉपी काय, कुठंही."

"मग वीट द्या," नाना म्हणाले.

आजही कुणी मला ट्रेकला कुठला कॅमेरा नेऊ म्हणून विचारलं, की मी तेच सांगतो: बिघडला तर वाटेतल्या गावात काय मिळतं ते आधी बघ. उठाबशांचं सांगत नाही.

नाना या नव्या यंत्राला नाकं मुरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट पहिला महिनाभर ते नव्या नवरीसारखं त्याला जपत होते. फक्त उन्हात पडदा दिसायचा नाही. मग त्यांनी टॉवेल डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घ्यायला सुरुवात केली आणि टॉवेलाच्या अंधारात फोटो बघायचे. गावातले लोक बिचकायचे, मग विचारायचे, मग एकेक करून टॉवेलाखाली शिरायचे. आधी म्हातारे, मग पोरं, मग हसत हसत बाया. आतून एकदम "आगं बया!" असा आवाज यायचा आणि बाहेरची रांग हसायची.

त्यांना चिंता होती ती कागदाची. ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर माणसं हिरवी यायची. फ्लॉपीवरून नीट फोटो काढून देणारं दुकान नगरला नव्हतं, पुण्याला होतं. नाना महिन्यातून एकदा फ्लॉप्या घेऊन पुण्याला जायला लागले. मॅडम एकदा म्हणाल्या, "नाना, एवढी दगदग कशाला? त्यांनी बघितला ना स्क्रीनवर? खूश झाले ना?"

"दाखवला म्हणजे दिला का?" नाना म्हणाले.

आणि मला त्यांनी बजावून ठेवलं होतं. फ्लॉपीवर वीस-बावीस फोटो मावायचे, जागा संपली की काही पुसावे लागायचे. "डोंगर पूस, बांध पूस. ते तिथंच असतात, पुन्हा जाऊन काढता येतात. माणसाचा फोटो पुसायचा नाही." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते बोलायला लागले की मी मान डोलवायचो आणि दुसरा विचार करायचो.

मार्च महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परदेशातले पाहुणे यायचे होते आणि मॅडमना पठारावरच्या पाच दगडी बांधांचे ताजे फोटो हवे होते. आम्ही सकाळी सातला निघालो. टाकळीच्या पुढं जीपचा पाटा तुटला, तिथून पायी. चार बांध झाले तोवर दुपार कलली होती. पाचव्या बांधाच्या वाटेवर वस्तीत अण्णांचं घर होतं. घर बौद्ध वस्तीच्या टोकाला, दारात शेवग्याचं झाड. अण्णा सत्तरीचे असतील. दगड रचण्यात त्यांचा हात धरणारा पठारावर कुणी नव्हता. पाचवा बांध त्यांनीच रचलेला. आयुष्यभर ऊसतोडीला राहुरीकडे, प्रवरेकडे जात आले, आणि कंबर गेल्यावर ऊसतोड सोडून गावातच बांधावर यायला लागले. मतदानाच्या ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं आली तेव्हाही ते उसाच्या फडात होते. त्यामुळे त्यांचा एकही फोटो नव्हता. हे त्यांच्या मुलानं सांगितलं. मुलगा नगरला एमआयडीसीत कामाला, त्या दिवशी सुटीवर घरी होता.

चार वाजून गेले होते, ऊन शहाणं झालं होतं. नानांनी अण्णांना दारातल्या दगडावर बसवलं आणि म्हणाले, "श्वास सोडा." खटका दाबला. वहीत लिहिलं: बारा.

मग टॉवेल. मुलगा आत शिरला, सून शिरली, शेजारी शिरले. अण्णा शिरले आणि आतूनच म्हणाले, "ह्यो कोन म्हातारा?" सगळी वस्ती हसली. अण्णांची बायको टॉवेलाखाली जायला तयार होईना, म्हणून नानांनी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं आपला पदर त्याच्यावर ओढला, आत बघितलं, आणि हसली.

"दिसले का?" नानांनी विचारलं.

"दिसले की."

आम्ही निघालो. पाचव्या बांधाजवळ नाना टॉवेल, छत्री घेऊन पुढं आपला चुन्याचा दगड शोधायला गेले आणि कॅमेरा माझ्याकडे देऊन म्हणाले, फ्लॉपी तयार ठेव. बरोबर पाच फ्लॉप्या होत्या. दोन धुळीनं खराब झाल्या होत्या, कॅमेरा त्या घेईना. दोन भरलेल्या. पाचवीवर आधीच्या दौऱ्याचे फोटो होते, आजच्या बारांनी तीही भरली. एका फोटोची जागा करायला हवी होती आणि ऊन भराभर कलत होतं.

एकाच बांधाचे दोन-दोन फोटो होते. त्यातला कुठला ठेवायचा हे ठरवायला पडदा नीट दिसायला हवा, आणि टॉवेल नानांकडे. त्यांना हाक मारली असती तर ते परत आले असते, ब्रश काढला असता, दहा मिनिटं घालवली असती. मी सकाळपासून चालत होतो. पायाला फोड आला होता. एकेक फोटो पुढं सरकवत गेलो. बाराव्यात माणूस आहे, एवढं उन्हातही कळत होतं. मॅडमना माणूस नको होता, बांध हवा होता. मी बारावर थांबलो, बराच वेळ थांबलो, आणि पुसला.

पाचव्या बांधाचा फोटो सुंदर आला. अण्णांनी रचलेला दगड न् दगड त्यात दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नाना वही उघडून कॉम्प्युटरसमोर बसले. "बारा कुठंय?"

"फ्लॉपी खराब झाली असेल," मी म्हणालो. "धूळ होती ना."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. "अकरा आहे. तेरा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "असेल," आणि वहीत बाराच्या समोर लिहिलं, 'शनिवारी पुन्हा जाणे.' त्यानंतर नाना दोन वर्षं आमच्याकडे होते, मग निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला गेले. तिथंच वारले. त्या फोटोबद्दल त्यांनी मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

शनिवारी सकाळी ते निघालेच होते. रोलचा जुना कॅमेरा दुधाच्या पिशवीत, पिशवी खांद्याला. तेवढ्यात अण्णांचा मुलगा दारात आला. डोळे सुजलेले.

"जय भीम, साहेब. आन्ना गेले. परवा पहाटे. झोपेतच."

नाना खाली बसले.

"उद्या पुन्यानुमोदन हाय, श्रद्धांजलीला समदे जमत्याल," मुलगा म्हणाला. "फोटो पायजे. तुमी काढल्याला. फ्रेम मी कालच घेतली कापडबाजारातनं, अंदाजानं. तेवढा हुईल ना मोठा?"

मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागलो. आता नाना माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"फोटो नाही रे, बाळा," ते म्हणाले. "पुसला गेला. माझ्या हातून."

"पुसला?" मुलाला कळेना. "आवो, समद्यांनी बगितला की. मी बगितला."

"बघितला. पण आता नाही."

"मंग मशीनमदी न्हाई तर कुटं गेला?"

"कुठंच नाही."

नाना उठले, म्हणाले, "आईला तू सांगू नकोस. मी येतो, मी सांगतो." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तू पण चल."

एसटीत आम्ही तिघं होतो. मी ठरवत होतो, की उतरल्यावर सांगून टाकायचं. टाकळीला उतरलो. मग ठरवलं, घरी गेल्यावर.

घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या खालच्या खिळ्याला नवी फ्रेम आधीच टांगलेली. काच, सोनेरी पट्टी, आत पांढरा पुठ्ठा. खाली ताटात झेंडूचा हार पाणी शिंपडून ठेवलेला. पाहुणे भिंतीला टेकून बसले होते. नाना उभ्या उभ्याच बोलले. "फोटो माझ्या हातून पुसला गेला, दुसरा नाही, चूक माझी आहे." आवाज वर्गात शिकवताना असतो तसा स्वच्छ होता.

कोपऱ्यातला एक म्हातारा पाहुणा म्हणाला, "सायेब लोकांचे पुसले का वो कदी?"

"नाही," नाना म्हणाले. "त्यांचे कधी नाही पुसले."

ते ऐकून माझं तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मला नोकरीची भीती होती असंही नाही. फक्त इतक्या माणसांत उभं राहून बोलायची ताकद नव्हती, आणि माझ्याऐवजी एक माणूस बोलत होता. मी ते त्याला बोलू दिलं.

अण्णांची बायको आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती. ती म्हणाली, "बसा, गुरुजी. उबे नगा राहू." नाना तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी त्यांच्या मागं.

"मला त्या दिशी दिसलाच न्हवता त्यो फोटो," ती म्हणाली. "माज्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. नुसता उजेड दिसला. समदी हसत हुती म्हनून मी बी हसले. म्हनलं, कागदावर आला की डोळ्याजवळ धरून निवांत बगू."

तिनं नानांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"तुमी काढला ना? मंग सांगा कसे दिसत हुते त्यात."

नानांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. खांद्यावर उपरणं, एक टोक पुढं आलेलं. सदऱ्याची वरची गुंडी नव्हती, तिथं सेफ्टीपिन. डावा हात गुडघ्यावर, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. शेवग्याची सावली एका कानावर. "माझ्याकडे नव्हते बघत," ते म्हणाले. "तुम्ही दारात उभ्या होता, तिकडे बघत होते. तोंड मिटलेलं, पण हसू आलं होतं. डाव्या बाजूला जास्त."

"तिकडं दात न्हवते त्यांचे," ती म्हणाली. "म्हनून तसं दिसायचं."

पाहुण्यांपैकी कुणीतरी नाक ओढलं. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तिनं मान वळवली, माझा अंदाज घेतला आणि माझ्या जरा शेजारी बघत विचारलं, "तुमी बी हुता ना त्या दिशी, साहेब? हे गुरुजी माज्या समाधानासाठी तर बोलत न्हाईत? खरंच हसत हुते का?"

नानांनी तो फोटो खटका दाबताना बघितला होता, तेवढाच. त्याच्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघणारा मी होतो. त्या बांधाजवळ, दगडावर बसून, पुसू की नको करत. मी आठवायला लागलो. उपरणं आठवेना. हात आठवेना. चेहऱ्याच्या जागी नुसता बाराचा आकडा आठवत होता. नाना वळले नाहीत. त्यांची पाठ माझ्यापुढं तशीच ताठ होती, आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हो, आजी," मी म्हणालो. "चांगले हसत होते."

तिनं माझं खरं मानलं, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं.